कीर्द आणि खतावणी

माझे वडील एका भुसार मालाच्या पेढीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते मला पेढीवर नेत. मी जात असे तो पेढ्यांच्या आशेने, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण त्या संध्याकाळचे जे चित्र डोळ्यांपुढे राहिले आहे ते पेढ्यांचे नव्हे. पाटावर मांडलेल्या लाल बांधणीच्या कोऱ्या वह्यांचे आहे. शेटजी पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढीत, वर 'श्री' लिहीत, झेंडूचे फूल वाहत, आणि एरवी कोणापुढे मान न तुकवणारा तो गृहस्थ त्या वह्यांपुढे डोके टेकी.

एकदा घरी येताना मी वडिलांना विचारले, "वहीला नमस्कार कशाला करायचा? ती काय देव आहे?"

वडील म्हणाले, "देव नाही. पण माणूस विसरतो आणि वही विसरत नाही, म्हणून नमस्कार." मग जरा थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्या वयात मला मुळीच कळली नाही. ते म्हणाले, "दिवसभरात जे जे झाले ते कीर्दीत लिहायचे. पण तेवढ्याने काम संपत नाही. मग बसून ज्याचे त्याच्या खात्यावर चढवायचे, ती खतावणी. नुसती कीर्द लिहून ठेवणारा दिवाणजी आळशी समजावा. दिवस लिहिला, पण माणूस राहिला."

हे शेवटचे वाक्य समजायला मला तीस वर्षे लागली, आणि ते समजले एका वृद्धाश्रमात.

मी मास्तर आहे. शिक्षण बेताचे, जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपुरते. शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मास्तर म्हटला की टाचणवही आलीच. उद्या वर्गात काय शिकवायचे, कोणती साधने न्यायची, मुलांना काय विचारायचे, हे आदल्या दिवशी लिहून काढायचे असते. 'असते' असे म्हणतो, कारण आमच्यापैकी कित्येकांची टाचणे तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत तयार होतात, आणि जूनपासूनचे सारे पाठ 'हेतू साध्य झाला' या शेऱ्यानिशी तीत विराजमान होतात. शाई मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच पेनातली असते. या पापापासून मी मुक्त आहे असे नाही. टाचण म्हणजे साहेबांना दाखवायची वस्तू, हा समज माझ्या हाडीमाशी मुरला होता. आणि तोच समज बरोबर घेऊन मी आश्रमात गेलो.

आमच्या गावाबाहेर, ओढ्यापलीकडे हा आश्रम आहे. चाळीसएक म्हातारी माणसे तिथे राहतात. आपल्याकडे २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांत निराधार वृद्धांसाठी आश्रम उभारण्याची तरतूद आहे, आणि तिथल्या वैद्यकीय सोयींबरोबर मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. कायदा लिहिणाऱ्यांना तो शब्द सुचला, याचे मला कौतुक वाटते. पण मनोरंजन कोणाचे कशाने होते, हे कायद्याला कसे ठाऊक असणार? ते ठाऊक करून घेण्याचे काम माझ्यासारख्या रविवारच्या पाहुण्याकडे येते.

गेली सहा वर्षे मी दर रविवारी दुपारी चारला तिथे जातो. कधी भेंड्या, कधी भजन, कधी पत्ते. श्रावणात राख्या, अश्विनात भोंडल्याची गाणी, दिवाळीच्या आधी आकाशकंदील. व्यवस्थापकांच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असते. तारीख, कार्यक्रम, उपस्थिती आणि शेरा असे चार रकाने. निघताना मी ते भरीत असे. "आकाशकंदील तयार करणे. उपस्थिती २७. कार्यक्रम उत्तम." टाचणवहीने मला हे कसब चांगलेच शिकवले होते.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

तीन वर्षांपूर्वीची वसुबारस होती. सगळ्यांना गोलात बसवून मी म्हटले, आज प्रत्येकाने आपल्या लहानपणची दिवाळी सांगायची. एक आजोबा किल्ल्यावरच्या मावळ्यांबद्दल बोलले, एका आजींनी उटण्यात काय काय घालायचे ते सांगितले, हशा झाला, टाळ्या झाल्या. मग कोकणाकडच्या एका आजींची पाळी आली. त्यांनी दोन्ही तळहात पदराला पुसले. "मला दिवाळी नाही," एवढेच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मी गोल मोडला नाही. पुढच्याला बोलायला लावले. कार्यक्रम संपल्यावर मात्र त्यांना शोधत मागच्या पडवीत गेलो. त्या कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने, वातीवरची नजर न काढता, त्यांनी मला एक हकीकत सांगितली. ती हकीकत मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ती मला सांगितली होती, दिवाळी अंकाच्या वाचकांना नव्हे.

त्या रात्री घरी येऊन मी माझी कादंबरीची वही उघडली आणि दोन पाने भरून काढली. पदराला पुसलेले तळहात, पडवीतला पिवळा दिवा, वात वळताना अंगठ्याला लावलेले दूध, हकीकतीतला शब्दन् शब्द. लिहिणाऱ्या माणसाला असे काही गवसले की एक प्रकारचा आनंद होतो. तो मला झाला, हे सांगताना आज लाज वाटते, पण झाला खरा. आणि आश्रमाच्या रजिस्टरात त्याच संध्याकाळी मी काय लिहिले होते? "लहानपणची दिवाळी: आठवणी सांगणे. उपस्थिती ३१. कार्यक्रम उत्तम."

पुढच्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर मी तापाने अंथरुणाला खिळलो. आमच्या शाळेतल्या एक तरुण बाई माझ्याऐवजी आश्रमात गेल्या. बिचारी मुलगी कर्तव्यदक्ष. आधी रजिस्टर मागून घेतले, मागल्या दिवाळीला काय केले होते ते पाहिले, 'कार्यक्रम उत्तम' वाचले, आणि तोच कार्यक्रम केला. त्या आजी त्यानंतर तीन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. दिवाळीचे चार घास जेमतेम खाल्ले.

बाई मला भेटायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "सर, तुम्ही तर उत्तम झाला असं लिहिलं होतं."

मी काय उत्तर देणार? सगळे लिहून ठेवले होते. फक्त दुसऱ्या वहीत.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. माणसाबद्दल आपण जे टिपून ठेवतो, ते कोणासाठी? रजिस्टर मी साहेबांसाठी लिहीत होतो आणि कादंबरीची वही माझ्यासाठी. ज्या आजींबद्दल लिहिले, त्यांच्यासाठी मी एक ओळही लिहिली नव्हती. विसरणे हा दोष आहे हे आपण मानतो. पण लक्षात ठेवून ते ज्याच्या उपयोगाचे त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे, हा त्याहून मोठा दोष आहे, आणि त्याला आपल्या भाषेत साधे नावसुद्धा नाही.

ही गोष्ट मी माझ्या एका स्नेह्याला सांगितली. तो स्वभावाने मोठा रसिक. तो म्हणाला, "अरे, प्रेमाला कसली आली वही? तुझी आई काय टाचण काढून तुला जेवायला वाढत होती? जिथे नोंदी सुरू होतात तिथे माया संपते आणि कचेरी सुरू होते."

आक्षेप वरवरचा नाही. माझ्या आईने खरोखरच काही लिहून ठेवले नव्हते. कोणाला आमटी पातळ लागते, कोणाला वांगे बाधते, कोणाच्या चहात साखर नको, हे सारे तिच्या डोक्यात होते. पण आईला आम्ही चार मुले होतो आणि ती अष्टौप्रहर घरात होती. आश्रमात माणसे चाळीस. सेवकांच्या तीन पाळ्या. त्यातला कोणी सहा महिन्यांत नोकरी सोडून शहरात जातो, नवा येतो. एका आईच्या डोक्यात जे मावते ते दहा परक्या माणसांच्या डोक्यांत आपोआप कसे उतरणार? आईची जागा वही घेऊ शकत नाही, हे खरे. पण आई नाही म्हणूनच वही लागते, हेही तितकेच खरे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंचे 'नोट्स ऑन नर्सिंग' नावाचे पुस्तक १८५९ साली निघाले. दिवा घेऊन रात्री फिरणारी दयाळू परिचारिका म्हणून शाळेच्या पुस्तकांतून आपण तिला ओळखतो. पण हे पुस्तक वाचताना भेटते ती कमालीची व्यवहारी बाई. घरोघरी ज्या बायकांना कोणा ना कोणाची शुश्रूषा करावी लागते, त्यांच्यासाठी तिने ते लिहिले. त्यात बारीकसारीक व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याचे सार असे की, तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही हजर नसतानाही होईल अशी तजवीज करा. नाही तर तुमच्या साऱ्या कष्टांवर पाणी पडते. मला तापाने गाठले तेव्हा माझी अशी तजवीज कुठे होती? माझी माया माझ्याबरोबर अंथरुणात पडून राहिली.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार केला आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण पात्र पाहून द्यावे याचा अर्थ मी एवढाच समजत होतो की अपात्राला देऊ नये. आता मला वाटते, त्यात आणखीही काही असावे. समोरचा कोण आहे हे नीट पाहून द्यावे. ज्यांना दिवाळी नको आहे त्यांना दिवाळी देणे हे दान नव्हे. आपल्या हौसेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे आहे.

मग मी एक नवी वही आणली. वडिलांचे शब्द आठवून तिचे दोन भाग केले. पुढे कीर्द, मागे खतावणी. कीर्दीत त्या त्या रविवारचा कार्यक्रम: काय करायचे ठरवले होते, खरोखर काय झाले, पुढच्या वेळी काय बदलायचे. खतावणीत प्रत्येकाचे एक पान. त्यात मोठे साहित्य नाही. "या आजोबांना डाव्या कानाने ऐकू येते, उजवीकडून बोलू नये." "यांना खिडकीकडे तोंड करून बसवले तर उजेडामुळे समोरच्याचा चेहरा दिसत नाही." "कात्री धरवत नाही, पण खळ लावून कागद छान चिकटवतात." "स्मृतिभ्रंश झालेल्या या आजी दिवस मावळताना अस्वस्थ होतात, घरी जायचे म्हणतात. त्या वेळी गोंगाटाचा कार्यक्रम नको. तांदळाचे ताट पुढे ठेवावे, निवडत बसतात." कोकणच्या आजींच्या पानावर मी लिहिले, "लहानपणच्या दिवाळीविषयी विचारू नये. वाती वळायला आवडतात. शेजारी बसावे." कारण लिहिले नाही. नव्या माणसाला काळजी घ्यायला एवढे पुरते. हकीकत जाणून घेण्याची त्याला गरज नाही. लिहावे काय, हे शिकायला मला वर्ष लागले. लिहू नये काय, हे अजून शिकतो आहे.

वहीने सारे सुरळीत झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. तिच्यातही एक साप निघालाच. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आजोबा आहेत. एका रविवारी भजन चालू असता ते कपाळाला आठ्या घालून उठून गेले. मी त्यांच्या पानावर लिहिले, "भजनात रस नाही." झाले! पुढे प्रत्येक भजनाच्या दिवशी सेवक त्यांना आदराने बाहेर आंब्याखाली नेऊन बसवी. आठ महिने हे चालले. मग त्यांचे श्रवणयंत्र दुरुस्त होऊन आले, आणि एक दिवस मी पाहतो तो हे गृहस्थ आंब्याखाली बसल्या बसल्या खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरताहेत. त्या पहिल्या दिवशी यंत्र कानात शीळ घालीत होते, म्हणून ते उठले होते. मी विचारले, "आजोबा, मग बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "मला वाटलं, तुमचा नियम असेल."

हे ऐकून मला माझ्या वर्गातली मुले आठवली. प्रगतिपुस्तकावर आम्ही सहज लिहितो, 'अभ्यासात लक्ष नाही.' त्या मुलाने त्या दिवशी सकाळी काही खाल्ले होते का, याची चौकशी कोण करतो? शेरा मात्र पुढच्या इयत्तेतल्या मास्तरांकडे जातो, आणि मुलगा वर्गात पाऊल टाकण्याआधी त्याची कीर्ती पोहोचलेली असते. टॉम किटवुड नावाच्या एका इंग्रज अभ्यासकाचे स्मृतिभ्रंशावरचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे असे की, अशा माणसांचे माणूसपण केवळ आजाराने खचत नाही. भोवतालचे लोक त्यांना शिक्का मारतात, लहान मुलांसारखे वागवतात, समोर असून नसल्यासारखे धरतात, त्यानेही ते खचते. हे वागणारे लोक दुष्ट असतात असे त्याने म्हटलेले नाही. तेच तर दुःखाचे आहे. माझ्या शेऱ्यात दुष्टावा नव्हता. घाई होती.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे आणि तारखेसह लिहायचे. "आज भजनाच्या वेळी उठून गेले" हे लिहायला हरकत नाही. तो त्या दिवसाचा वृत्तांत आहे. "भजनात रस नाही" हा निकाल आहे, आणि आरोपीला न विचारता दिलेला निकाल आहे. नोंदीखाली तारीख असली की पुढच्या वाचणाऱ्याला कळते, हा माणूस त्या दिवशी असा होता. आज तसाच असेल असे नाही. म्हातारी माणसे बदलत नाहीत, ही आपल्या तरुणांची एक मोठी गैरसमजूत आहे.

पण आरोपीला विचारावे, हे सुचायला मला आणखी एक धडा लागला. तो त्याच आजींनी दिला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पडवीत वही उघडून बसलो होतो. आजी वाती वळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मास्तर, त्या वहीत माझं पान आहे म्हणतात. खरं का?"

मी चपापलो. म्हटले, "आहे, आजी."

"मग वाच ना. माझं पान मला वाचून दाखवायला लाजतोस होय?"

मी वाचले. दिवाळीविषयीचे वाक्य आले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पुढे वाचले, "वाती वळायला आवडतात." यावर त्या हसल्याच. म्हणाल्या, "कोण म्हणालं आवडतात? अरे, हाताला चाळा नको का काही? कोणी दुसरं काही देत नाही म्हणून वळते. आता तर गावातल्या देवळाला दोन वर्षं पुरतील एवढ्या झाल्या."

"मग काय आवडतं, आजी?"

"तीनशेचार. भावांबरोबर खेळायचे मी. इथे आल्यापासून सगळे पुरुषच पत्ते घेऊन बसतात. मला कोणी विचारलं नाही, आणि मी कशाला पुढे पुढे करू?"

सहा वर्षांतल्या माझ्या साऱ्या रविवारांत मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. त्यांचे दुःख मला तपशीलवार माहीत होते. त्यांना पत्ते येतात हे माहीत नव्हते. कादंबरीकाराला दुःख लवकर दिसते, आणि एकदा ते दिसले की त्या माणसात आणखी काही पाहायचे तो विसरतो. मी वाक्य खोडले आणि त्यांच्या तोंडचे शब्द लिहिले. खाली तारीख घातली. आता दर रविवारी त्या आजी, एक निवृत्त पोस्टमास्तर, कंडक्टर आजोबा आणि मी असा डाव मांडतो. मोठ्या अंकांचे पत्ते मुद्दाम आणले आहेत. आजी बोली लावतात तेव्हा पोस्टमास्तरांना घाम फुटतो.

या लेखात त्यांच्याविषयी जे लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवले आहे. त्या म्हणाल्या, "एवढं चालेल. पत्त्यांचं मात्र नक्की घाल." कादंबरीच्या वहीतल्या त्या दोन पानांविषयीही मी त्यांना सांगितले. त्या जराशा गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ते तुझं तू ठरव." ती पाने अजून माझ्याजवळ आहेत. फाडली नाहीत आणि वापरलीही नाहीत. यावर मला अद्याप उत्तर सापडलेले नाही.

वडिलांची पेढी केव्हाच बंद झाली. आता दुकानांतून यंत्रावर हिशोब असतात, आणि लक्ष्मीपूजनाला त्या यंत्रालाच हळदकुंकू लागते. आमच्या घरात पुजण्याजोगी हिशोबाची वही कधी नव्हतीच. पण यंदा बायकोने पूजेची मांडणी करताना विचारले, "तुमच्या कादंबरीची वही ठेवायची ना पाटावर?"

मी म्हटले, "ती नको. आश्रमाची ठेव." आणि ती झेंडूच्या फुलाखाली ठेवण्याआधी पुढचे एक कोरे पान काढून त्यावर पेन्सिलीने लिहिले, "रविवार. तीनशेचार. आजींना आधी विचारणे."